बेंबळीचं मांडलेलं घर

माझी नोकरी लोकांच्या घरात शिरायची होती. चोर शिरतात तशी नव्हे. दिवसाढवळ्या, दारात नाव सांगून, चपला काढून. पण 'यापेक्षा चोर परवडला' असं काही घरांना वाटलं असणार. चोर वस्तू नेतो आणि सुटतो. मी वस्तू नुसत्या बघायची आणि जायची, आणि नंतर महिना दोन महिने त्या घराला झोप नसायची.

मुंबईचा एक धर्मादाय निधी होता. हुशार आणि गरीब मुलांची कॉलेजची फी तो भरायचा. उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, जे अर्ज जायचे त्यातली मुलं खरोखर गरीब आहेत की गरिबीचं सोंग आहे, हे घरी जाऊन बघायला त्यांना माणूस हवं होतं. मी समाजकार्याचं शिक्षण घेऊन गावी परतले होते, एसटीची सवय होती आणि कुत्र्यांना भीत नव्हते. एवढ्या गुणांवर माझी नेमणूक झाली. गावोगाव मला 'चौकशीवाल्या बाई' म्हणत. नाव विचारायची तसदी कुणी घेत नसे.

नव्या वाचकाला प्रश्न पडेल की सरकारी शिष्यवृत्त्या होत्याच ना? होत्या. पण त्या सरकारी कॉलेजला पुरायच्या, तेही ओढूनताणून. ऐंशीनंतर विनाअनुदानित मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि एक नवाच घोर लोकांच्या मागं लागला. चार मार्कांनी सरकारी कॉलेज हुकलेल्या पोराचा तिथं नंबर लागायचा. गावात पेढे वाटून व्हायचे आणि मग फीचा आकडा यायचा. बाप मटकन खाली बसायचा. मग धावाधाव. फी एका ट्रस्टकडून, पुस्तकं साखर कारखान्याच्या शिक्षण फंडातून, मेसचे पैसे कुणा समाजाच्या बोर्डिंगकडून. गोधडीसारखी ठिगळं जोडत डॉक्टर शिवायचा. त्यातलं एक ठिगळ उसवलं की सगळी गोधडी गेली. कारण हप्ता चुकला की नाव कमी व्हायचं आणि आधी भरलेलं परत मिळायचं नाही. या घरांतली भीती ही अशी होती. गरिबीची त्यांना सवय होती. वर चढता चढता शिडी काढून घेतली जाईल, ही भीती नवी होती.

आता गरिबी बघायची कशी? ते मी हळूहळू शिकले. मी आधी चुलीकडं जायची. बाईमाणूस असण्याचा तेवढा एक फायदा होता, सैपाकघरात शिरले तर कुणी अडवत नसे. डबे उघडायचे नाहीत, नुसती झाकणं बघायची. रोज उघडणाऱ्या डब्यावर धूळ बसत नाही. दांडीवर वाळत घातलेले कपडे बघायचे, म्हणजे अंगावरच्याशिवाय किती आहेत ते कळतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे सांगून जायचं नाही.

सोंगं घेणारेही भेटले. येरमाळ्याकडं हमरस्त्यावर एकाचं दणदणीत दुकान होतं. पोराच्या अर्जात त्यानं स्वतःला मजूर लिहिलं होतं. मी येणार हे त्याला कुठूनतरी कळलं असावं. गडी फाटकी बंडी घालून एका कुडाच्या झोपडीत बसलेला, चेहरा असा की मलाच गहिवरून यावं. मी म्हटलं, "दादा, उन्हातनं आलेय, जरा पाणी द्या." तो उठला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कोपऱ्यातली पोती हलवून बघितली. स्वतःच्या घरात माठ कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या, दुकानात जाऊन पिऊ." या गोष्टीवर आम्ही कचेरीत पुष्कळ हसलो. खोटं गरीब घर ओळखण्यात मी तरबेज झाले होते आणि मला त्याचा थोडा ताठाही होता. पण उलटा प्रकार माझ्या वाट्याला येईल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तो प्रकार बेंबळी गावात घडला. मारुती आबा म्हणून एक मेंढपाळ होते, त्यांची मुलगी शालन. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं आणि पश्चिमेकडच्या साखरपट्ट्यातल्या नव्या मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला. पहिला हप्ता भरायला आबांनी मेंढरांचा कळप बाजारात नेला. दुष्काळाचं वर्ष, चारा नाही, सगळेच विकायला निघालेले. भाव काय मिळणार! कळप गेला आणि हप्ता कसाबसा भरला गेला. दुसरा हप्ता दिवाळीनंतर होता, आणि विकायला आता काही उरलं नव्हतं.

मी पहिल्यांदा गेले ती नियमाप्रमाणे न सांगता. दारात कुणी नव्हतं. आबा, त्यांची बायको सोजराबाई आणि थोरला मुलगा नामदेव, तिघंही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले होते. शालन एकटी घरात होती. घरात काय होतं ते सांगते: एक चूल, दोन पातेली, एक घागर, घोंगड्या, आणि कोनाड्यात तिची पुस्तकं. घोंगडी अंथरून तिनं मला बसवलं. मी विचारलं, "भीती वाटते का गं कॉलेजची?" ती म्हणाली, "कॉलिजची न्हाय वाटत ताई. परत यावं लागंल याची वाटती. मेंढरं तर गेली. म्या परतले तर आबा कशाकडं बघतील?"

मी त्याच दिवशी अहवाल लिहिला: अत्यंत निकडीची गरज, पूर्ण फी द्यावी. पण डॉक्टरीची फी म्हणजे मोठी रक्कम. एवढ्या मोठ्या रकमेसाठी विश्वस्तांपैकी एकानं स्वतः घर बघावं, असा निधीचा दंडक होता. त्याप्रमाणे मुंबईहून शेठजी यायचे ठरले. त्यांना लोक शेठजी म्हणत, आम्हीही म्हणायचो. पांढरे कपडे, हळू बोलणं, डोळे मात्र सोनाराचे. माणूस वाईट नव्हता. फसवणुकीनं पोळलेला होता, एवढंच.

सोलापुरात त्यांना रेल्वेवरून उतरवून घेऊन आम्ही जीपनं निघालो. वाटेत ते सहज म्हणाले, "बाई, कचेरीनं त्या लोकांना कार्ड टाकलं आहे. आपण जाऊ आणि कुणी घरात नसेल, असं नको." उघडं पोस्टकार्ड! म्हणजे ते पोस्टमननं हॉटेलात वाचून दाखवलं असणार. म्हणजे ते एव्हाना अख्ख्या बेंबळीला पाठ असणार.

गावात जीप शिरली की त्या काळी माणसं पांगायची. जीप म्हणजे एकतर वसुली, नाहीतर कुटुंबनियोजनवाले. त्या दिवशी कुणी पळालं नाही. उलट लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून हात जोडत होते. तेव्हाच मला कळून चुकलं.

घरापुढं सडा घातला होता. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं त्या गावात सडा! वर रांगोळी. आत सतरंजी, ती देवळातली. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या कचेरीतल्या चार लोखंडी खुर्च्या, पाठीवर रंगवलेलं सोसायटीचं नाव दिसू नये म्हणून पाठी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. टेबल, टेबलावर भरतकामाचं कापड, त्यावर कुणाचातरी रेडिओ. भिंतीवर शाळेचं घड्याळ टकटक करत होतं. सोजराबाई दुसऱ्या कुणाच्या तरी इरकली लुगड्यात अवघडून उभ्या होत्या. आबांच्या डोक्याला गुलाबी फेटा. आणि दारात एक जाफराबादी म्हैस. ती बिचारी मान वळवून वळवून शेजारच्या गोठ्याकडं बघत हंबरत होती.

हे काय झालं होतं ते गावाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कुणीही त्या लोकांना शिकवलं नव्हतं. मुंबईचा पाहुणा गावात येतोय, तोही आपल्या पोरीसाठी, तर त्याला भुईवर बसवायचं? गावाची अब्रू काय राहील? ज्याच्या घरात जे चांगलं होतं ते त्यानं आपण होऊन आणून ठेवलं. लग्नघराला करतात तसंच. गरिबी दाखवली तर पैसे मिळतात, हा हिशेब येरमाळ्याच्या दुकानदाराला कळला होता. यांना तो कळला नव्हता आणि कळला असता तरी जमला नसता.

शेठजी खुर्चीवर बसले. काचेच्या कपात चहा आला. त्यांनी म्हशीकडं बघत विचारलं, "दूध किती देते?"

आबांनी शेजाऱ्याकडं बघितलं. शेजारी आढ्याकडं बघायला लागला. "देती की," आबा म्हणाले, "लागंल तेवडं."

"शेती पिकते का?"

"भागतंय देवाच्या दयेनं."

"मग अडचण नेमकी काय आहे तुमची?"

मला वाटलं, आता तरी. मी आबांकडं डोळे मोठे करून बघितलं, खोकले, पुन्हा खोकले. आबा फेटा सावरून म्हणाले, "अडचन? न्हाय न्हाय, सायेब. तुमच्या पायानं समदं ब्येस हाय."

आतल्या दाराआडून सोजराबाईंनी भर घातली, "काय कमी न्हाय बगा."

आमच्याकडं कुणी 'कसं काय' विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं असतं. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असो, चूल पेटलेली नसो, दारच्या पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही शिकवण आईच्या दुधातून येते. शेठजींनी चौकशीचा प्रश्न विचारला होता, त्याला पाहुण्याला द्यायचं उत्तर मिळालं. शालन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं. पण मोठ्या माणसांच्या मध्ये ती कशी बोलणार? आणि काय बोलणार, माझे आईबाप खोटं सांगताहेत असं?

आम्ही निघालो. जीप गावाबाहेर पडेपर्यंत शेठजी माझा अहवाल पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "बाई, तुमचा अहवाल आणि हे घर यांचा काही मेळ लागत नाही."

"शेठजी, ते त्यांचं नाही. गावानं मागून आणून मांडलंय."

"सगळं? म्हैससुद्धा?"

"म्हैससुद्धा."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "ते स्वतः म्हणाले काही कमी नाही. मी त्यांचं ऐकू की तुमचं? तुम्ही पाठवलेले बाकीचे अर्जसुद्धा आता पुन्हा बघावे लागतील."

म्हणजे एकटी शालन नाही. तेरखेड्याच्या फटाक्याच्या कामावर जाणाऱ्या एका विधवेचा मुलगा होता, आणखी कितीक होते. माझ्या शब्दावर ज्यांची फी भरली जात होती ती सगळी घरं माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. माझी स्वतःची नोकरीही वर्षावर्षाची होती. मला त्या लोकांचा संताप आला. खरं सांगते, त्या क्षणी मी सोजराबाईंना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात जीपच्या बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या. ड्रायव्हर उतरला, विहिरीत डोकावून आला, विहीर कोरडी. "साहेब, गावातनंच पाणी आणावं लागंल," तो म्हणाला. चालत जाऊन यायला वेळ लागला असता, म्हणून जीप तशीच रडतखडत मागं वळवली.

आबांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरून वरात. पुढं सोसायटीचा सेक्रेटरी, दोन्ही हातांत दोन खुर्च्या. मागं एकाच्या डोक्यावर टेबल. शाळेचा शिपाई घड्याळ छातीशी धरून, बाळ धरावं तसं. दोन बायकांच्या हातात सतरंजीची गुंडाळी. हॉटेलवाला कप मोजत. आणि सगळ्यात पुढं, कुणाची वाट न बघता, म्हैस आपल्या गोठ्याकडं निघालेली. जीप बघून सगळे जिथल्या तिथं थिजले. कुणाला हसू येईल, पण तिथं त्या वेळी कुणीच हसलं नाही.

शेठजी खाली उतरले. सेक्रेटरीच्या हातातल्या खुर्च्यांवर सोसायटीचं नाव होतं, ते त्यांनी वाचलं. मग विचारलं, "तुम्ही सोसायटीचे? वसुली आहे का? जप्ती केली यांच्यावर?"

सेक्रेटरी हुशार माणूस. शेठजींचा आवाज मऊ झालाय हे त्यानं हेरलं. आपण 'व्हय' म्हटलं की पोरीचं काम झालं, हे त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलेलं मला दिसलं. त्यानं खुर्च्या खाली ठेवल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "व्हय सायेब. जप्ती. काय करनार, वरून हुकूम हाय."

शेठजी माझ्याकडं वळले. "बाई, खरं आहे?"

मी काय उत्तर दिलं असतं हे मला आजही ठाऊक नाही. द्यावं लागलं नाही. सोजराबाई दारातून तीरासारख्या बाहेर आल्या. अंगावर आता त्यांचं स्वतःचं जुनेर होतं.

"कुनाच्या दारात जप्ती? माज्या?" त्या सेक्रेटरीवर गरजल्या. "लाज न्हाय वाटत? आमी तुमच्या सोसायटीचा पैसा कदी उचललाय का? सांग, उचललाय?"

"काकू, तुमी गप ऱ्हावा की जरा," सेक्रेटरी दातांवर दात दाबून म्हणाला.

"गप ऱ्हाऊ? सायेब, जप्ती बिप्ती काय न्हाय. ही समदी आपापलं न्ह्याया आली हायती. ह्यातलं आमचं कायच न्हाय. आन् जप्ती व्हायला बी घरात कायतरी असावं लागतंय!"

झालं. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तोंडावर पदर धरून त्या तिथंच बसल्या. हॉटेलवाल्यानं हातातले कप खाली ठेवले. आबा फेट्याशिवाय, मुंडासं गुंडाळून, उंबऱ्यात उभे होते. एवढा मोठा माणूस एकाएकी वाळल्यासारखा दिसत होता.

शेठजींनी विचारलं, "मग हे सगळं कशासाठी केलंत?"

आबा म्हणाले, "तुमी पाव्हनं. आमच्या पोरीसाटी एवड्या लांबनं आलासा. तुमाला भुईवर कसं बसवायचं?"

शेठजी घरात गेले. मी मागोमाग गेले. आता तिथं चूल होती, दोन पातेली होती, घोंगड्या होत्या. ते एका घोंगडीवर मांडी घालून बसले. बराच वेळ बसले. ड्रायव्हर पाणी मागायला आला तेव्हा सोजराबाई उठल्या आणि घागरीत होतं नव्हतं ते सगळं त्याच्या डब्यात ओतलं. संध्याकाळपर्यंत दुसरं पाणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. शेठजींना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

निघताना शालननं माझा हात धरला. "ताई, गेलं का माजं?" "नाही गं," मी म्हटलं. पण माझ्याच आवाजावर माझा विश्वास नव्हता. सोलापूर येईपर्यंत शेठजींना काही विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. दिवाळी झाली. आबा दर बाजारच्या दिवशी उस्मानाबादला माझ्या खोलीवर यायचे, उंबऱ्याबाहेर बसायचे आणि काही न विचारता माझ्या तोंडाकडं बघायचे. मी मान हलवली की उठून जायचे. हप्त्याची मुदत संपत आली तेव्हा मुंबईचा कागद आला. फी मंजूर. मी त्या दिवशी मिळेल ती एसटी पकडून बेंबळी गाठली. आबांनी कागद कपाळाला लावला. सोजराबाई रडल्या, मीही रडले.

पण कागदात खाली एक ओळ होती. ती सगळ्याच मंजुऱ्यांत असायची. 'दरवर्षी गृहभेट होईल. कुटुंबाच्या राहणीमानात सुधारणा आढळल्यास मदत थांबवण्यात येईल.' ती वाचून, समजावून सांगणं माझं काम होतं. मी वाचली, समजावून सांगितली. आबांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. त्यांना वाटलं असणार की मांडलेल्या घरानं एकदा घात केलाच होता, आता पुन्हा चूक नको.

त्यानंतर मी दरवर्षी त्या घरी जात राहिले. ही माझी आवडती घरभेट व्हायला हवी होती. झालं भलतंच. मी गेले की सोजराबाई खाली मान घालून बसायच्या, मी काही विचारायच्या आधीच काय काय नाही ते सांगायला लागायच्या. "त्याल न्हाय. गूळ न्हाय. नामदेवाचं काम सुटलं." नामदेवाचं काम सुटलेलं नव्हतं, तो साखर कारखान्यावर हंगामी लागला होता हे मला गावातून कळत होतं. मी मनावर घेतलं नाही, हंगामी पगारानं कुणी श्रीमंत होत नाही. पण जी बाई दाराआडूनही 'काय कमी न्हाय' म्हणाली होती आणि जप्तीचं नाव काढताच भरल्या गावासमोर ताठ उभी राहिली होती, तीच आता माझ्यापुढं हात पसरल्यासारखी बोलत होती. मला ते ऐकवत नसे. मी लवकर उठायची.

शालनचीही तीच गत. एकदा सुट्टीवरून परत जाताना ती मला एसटी स्टँडवर भेटली. अंगावर विटका पोशाख, पहिल्या वर्षापासूनचाच. इकडंतिकडं बघून तिनं पिशवीतून एक नवा ड्रेस अर्धा बाहेर काढून दाखवला. मैत्रिणींनी वाढदिवसाला दिला होता. "ताई, हा घातला तर चालेल का हो? होस्टेलवर तुमचं कुणी येतं का बघायला?" शरीरशास्त्राच्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी मला हे विचारत होती. मी म्हटलं, "अगं घाल, कुणी येत नाही." तिनं मान डोलावली आणि ड्रेस पुन्हा पिशवीत खोल ढकलला.

लोक म्हणतात, तुम्ही किती मुलांचं कल्याण केलं. केलं असेल. त्यातले पुष्कळ मोठ्या जागी आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण फुकट काहीच मिळत नाही. आम्ही फी देत होतो आणि त्या घरांकडून बदल्यात काहीतरी नेत होतो. त्याला काय नाव द्यावं ते मला कळत नाही.

शालन शेवटची परीक्षा पास झाली. सरकारी दवाखान्यात तिची इंटर्नशिप लागली, तिथं विद्यावेतन मिळतं. म्हणजे निधीची मदत संपली. हे सांगायला मी बेंबळीला गेले तेव्हा श्रावण होता. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. घरात शिरले तर जमिनीवर ठिकठिकाणी पातेली आणि डबे ठेवलेले, आणि त्यात वरून टपटप पाणी पडत होतं. जुन्या पत्र्यांना चाळणीसारखी भोकं पडली होती. चुलीवर छत्री उघडून ठेवली होती. आबा कोरड्या कोपऱ्यात पोतं पांघरून बसले होते.

मी म्हटलं, "सोजराबाई, आता सुटलात. यापुढं भेट नाही, चौकशी नाही."

त्यांना ते पटेना. "म्हंजी आता कुनीच येनार न्हाय बगाया?"

"कुणीच नाही."

"मुंबैचं बी?"

"नाही हो. शालन डॉक्टर झाली. संपलं."

त्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी नामदेवाकडं बघितलं. नामदेव घसा खाकरून म्हणाला, "बाई, शेजारच्या गोठ्यात कडब्याखाली नवं पत्रं ठिवल्यात. तीन पावसाळं झालं. कारखान्याच्या पगारातनं घेतल्यात. टाकलं न्हायत. तुमी येनार, बगनार, आन् पोरीचं बंद व्हईल, म्हून."

आमच्या मध्ये डब्यांत पाणी पडत होतं.

"तर टाकू का आता?" सोजराबाईंनी विचारलं.

"टाका की," मी म्हटलं. "आजच टाका."

कुणी उठलं नाही. सोजराबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, राग मानू नगा. तोंडी नगं. लिवून द्या."

मी पिशवीतून कागद काढला. टपकणाऱ्या पाण्यापासून तो आडवा धरून, एरवी अहवाल लिहायची तशाच अक्षरात लिहिलं, 'या घरावर नवे पत्रे टाकण्यास हरकत नाही.' खाली सही केली. सोजराबाईंनी तो आबांना दिला, आबांनी नामदेवाला, नामदेवानं मोठ्यानं वाचला. मग सोजराबाईंनी त्याची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि म्हणाल्या, "जा नामदेवा. आन आता."